डिलनची दहा गाणी आणि शाहिरीचा कान

अमेरिकन गायक बॉब डिलनवरचा सिनेमा २०२४च्या अखेरीस आला आणि तेव्हापासून एकच प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडांनी विचारला जातोय. भाचीने विचारला, तिच्या मैत्रिणींनी विचारला, रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या एका निवृत्त मास्तरांनीही विचारला. "या माणसाला २०१६ साली साहित्याचं नोबेल दिलं म्हणतात. पण आवाज तर नाकातला. यात ऐकायचं काय?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. त्याचा १९६७ सालचा 'ग्रेटेस्ट हिट्स' घ्या. दहा गाणी आहेत, चाळीस मिनिटांचा मामला. आणि पोवाडा ऐकताना जो कान लावता, तोच लावा. वेगळी तयारी लागत नाही. कोल्हापूरच्या माणसाकडे ती आधीपासून आहे. एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी शब्द समजून घेऊ

अमेरिकेत 'फोक' म्हणजे आपल्याकडे जसं लोकसंगीत. शेतमजूर, खाणकामगार, गुलामगिरीतून आलेले काळे लोक, आयर्लंड-स्कॉटलंडहून आलेली कुटुंबं, यांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या फिरलेली गाणी. साथीला एखादी साधी गिटार, फार तर माउथ ऑर्गन. शब्दांना मान मोठा. 'रॉक' त्याच्या उलट्या टोकाचं: इलेक्ट्रिक गिटार, ड्रम, मोठा आवाज, नाचणारी पोरं. १९६५च्या सुमारास ही दोन टोकं एकत्र आली. लोकगीताचे लांबलचक, अर्थाने भरलेले शब्द रॉकच्या ठेक्यावर बसले. त्याला फोक-रॉक म्हणतात. या शब्दाची व्याख्या इथेच संपली.

दुसरी गोष्ट गायक-गीतकाराची. आपल्या भावगीतात कवी एक, चाल लावणारा दुसरा, गाणारा तिसरा असतो. तिघांचीही नावं आपण आदराने घेतो. डिलनच्या जातीच्या गायकात हे तिघे एकाच अंगात असतात. स्वतः रचायचं, स्वतः चाल बसवायची, स्वतः लोकांपुढे उभं राहून गायचं. हे आपल्याला नवं कुठे आहे? शाहीर हेच करत आला. फरक इतकाच की शाहिराच्या मागे झीलकरी, म्हणजे त्याची ओळ उचलून धरणारे साथीदार, असतात आणि डिलन सुरुवातीची काही वर्षं एकटा उभा राहिला. गळ्यात तारेची चौकट, तिच्यात अडकवलेला माउथ ऑर्गन, हातात गिटार.

मैदान आणि नंबरची कुस्ती

आता 'ग्रेटेस्ट हिट्स' म्हणजे काय ते बघू. गायक एका काळात, एका मनःस्थितीत आठ-दहा गाणी करतो आणि एकत्र काढतो, तो अल्बम. निरनिराळ्या अल्बममधली गाजलेली गाणी उचलून एका तबकडीवर आणली की झाला निवडक संग्रह.

खासबागेत कुस्त्यांचं मैदान बघितलेल्या माणसाला हे लगेच कळेल. मैदान सकाळपासून भरतं. आधी लहान पोरांच्या जोडी, मग मधल्या, आणि दिवस कलताना एक नंबरची कुस्ती. अल्बम म्हणजे ते अख्खं मैदान. 'ग्रेटेस्ट हिट्स' म्हणजे निरनिराळ्या मैदानांतल्या नंबरच्या कुस्त्या एकामागोमाग एक लावलेल्या. बघायला दणदणीत. पण या जोडी कुणी निवडल्या, कुठल्या साली, कशासाठी, हे माहीत असेल तर त्या वेगळ्याच दिसतात.

निवडणारा कोण, यावर तर सगळं उभं आहे. नील यंग या गायकाचा २००४चा संग्रह विक्री, रेडिओवरचं वाजणं आणि डाउनलोड यांच्या हिशोबाने ठरवला गेला, म्हणजे निवड श्रोत्यांची. जोनी मिचेल या गायिकेला १९९६ साली कंपनीने 'हिट्स' काढू म्हटल्यावर तिने अट घातली की सोबत 'मिसेस'ही निघाला पाहिजे, म्हणजे न गाजलेल्या पण तिला स्वतःला मोलाच्या वाटणाऱ्या गाण्यांचा. दोन्ही एकाच वेळी निघाले. मला ही अट फार आवडते. गाजलेलं आणि चांगलं यात अंतर असतं, हे तिने भांडून दाखवलं.

गायक घरी, कंपनी अडचणीत

डिलनच्या संग्रहाची गोष्ट अशी. मिनेसोटातला हा मुलगा १९६१च्या जानेवारीत न्यूयॉर्कला आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. १९६२ ते १९६६ या काळात त्याने सात अल्बम काढले. पहिल्यात त्याची स्वतःची गाणी फक्त दोन, बाकी जुनी. सातवा दोन तबकड्यांचा आणि सगळा स्वतःचा. मधल्या काळात तो फोकवाल्यांचा लाडका झाला आणि मग २५ जुलै १९६५ रोजी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिल्यामुळे त्याच लोकांचे शिव्याशापही त्याने खाल्ले. पुढच्या वर्षी मँचेस्टरला प्रेक्षकांतून कुणीतरी त्याला 'जुडास' म्हणून हाक मारली, म्हणजे येशूला दगा देणारा शिष्य. वाद्य बदललं म्हणून माणसाला गद्दार ठरवलं गेलं.

२९ जुलै १९६६ रोजी वुडस्टॉकजवळ त्याला मोटरसायकलचा अपघात झाला आणि तो लोकांच्या नजरेआड गेला. कार्यक्रमांचे दौरे थांबले, नवी गाणी कंपनीच्या हाती येईनात. कोलंबिया कंपनीला तबकडी हवी होती. मार्च १९६७ मध्ये तिने जुन्यातली दहा गाणी निवडून 'ग्रेटेस्ट हिट्स' काढला. म्हणजे हा संग्रह एका पोकळीत जन्माला आला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात डिलनचा नवा अल्बम आला तेव्हा तो पुन्हा शांत, साध्या वाद्यांकडे वळला होता. संग्रहातला डिलन तोवर त्याने स्वतःच मागे टाकला होता.

वेष्टणाचंही सांगायला हवं. पुढचा फोटो रोलँड शर्मनचा. मागून दिव्याचा झोत, त्यात पेटल्यासारखे दिसणारे कुरळे केस आणि ओठाशी माउथ ऑर्गन. या फोटोला ग्रॅमी मिळालं. आत घडी घातलेलं पोस्टर, मिल्टन ग्लेसर या चित्रकाराचं: चेहऱ्याची नुसती काळी बाजू आणि केसांच्या जागी रंगीत वळणं. माझ्याकडच्या प्रतीत ते पोस्टर घडीवर फाटलंय आणि मागून कागदी पट्टी लावलेली आहे. ती पट्टी माझ्या मामाने लावली, तबकडीही त्याचीच.

यातली 'हिट' किती?

इथे गंमतशीर भाग येतो. दहांपैकी पहिल्या काळातली चार गाणी डिलनच्या आवाजात अमेरिकेत फारशी खपलीच नव्हती. 'ब्लोइंग इन द विंड' १९६३ साली घराघरांत नेलं ते पीटर, पॉल अँड मेरी या तिघांनी. 'इट एन्ट मी बेब' गाजलं ते टर्टल्स या बँडचं. 'मिस्टर टॅम्बरिन मॅन' पहिल्या क्रमांकावर नेलं बर्ड्स या बँडनी, १९६५ मध्ये, आणि तेसुद्धा चारांतलं एकच कडवं ठेवून, अडीच मिनिटांत. डिलनचं मूळ गाणं साडेपाच मिनिटांचं.

म्हणजे श्रोत्याने दुकानात जाऊन 'त्या गाजलेल्या गाण्याचा' डिलन घेतला आणि घरी येऊन ऐकलं तर हे भलतंच. तोच शब्द, तीच चाल, पण गोडवा काढून घेतलेला. एखादं भजन आधी रेडिओवर ऑर्केस्ट्रासह ऐकावं आणि मग ते रचणाऱ्याच्या तोंडून देवळाच्या पायरीवर ऐकावं, तसं काहीसं.

ऐकायला बसू

क्रम काळाप्रमाणे नाही. पहिलंच गाणं १९६६चं, नॅशव्हिलला केलेलं. दारू पिऊन रस्त्यावर निघालेल्या बँडसारखं, मागे हसणं-खिदळणं. त्याच्या पाठोपाठ एकदम १९६३: एक गिटार, एक आवाज. हा धक्का कंपनीने मुद्दाम ठेवला की सहज बसला ते असो, पण मला तो मोलाचा वाटतो. तीन वर्षांत माणूस कुठून कुठे गेला ते दोन गाण्यांमधल्या दोन सेकंदांच्या शांततेत कळतं.

तिसरं गाणं 'द टाइम्स दे आर ए-चेंजिन'. त्याची बांधणी नीट ऐका. सुरुवातीलाच तो लोकांना जमा व्हायला सांगतो. मग एकेका कडव्यात एकेकाला हाक: लिहिणाऱ्यांना, कायदे करणाऱ्यांना, आईबापांना. पोवाड्यात शाहीर आधी सभेला हाक देतो, मग विषयाला हात घालतो, त्याच ठेवणीचं हे गाणं आहे. इंग्रजी जेमतेम असलं तरी प्रत्येक कडव्यात तो तोंड फिरवून नव्या माणसाशी बोलतोय हे जाणवतं.

दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं 'मिस्टर टॅम्बरिन मॅन'. टॅम्बरिन म्हणजे खंजिरी. यातला टॅम्बरिनवाला सुचला तो ब्रूस लँगहॉर्न या वादकावरून, असं डिलनने पुढे सांगितलं. लँगहॉर्नकडे एक भला थोरला तुर्की डफ होता, आतून घुंगरं लावलेला. आपल्याकडच्या माणसाला यापेक्षा जवळचं निमित्त कुठलं द्यायचं? गाण्यात डफ ऐकू येत नाही, पण मागे हलकी इलेक्ट्रिक गिटार वाजते ती त्याच लँगहॉर्नची.

त्यापुढचं 'सबटरेनियन होमसिक ब्लूज' सव्वादोन मिनिटांत संपतं. दम न घेता, शब्दावर शब्द. आजची रॅप ऐकणारी पोरं यावर पटकन मान डोलावतात. 'पॉझिटिव्हली फोर्थ स्ट्रीट' आधी कुठल्याच अल्बमवर नव्हतं, सुटी छोटी तबकडी म्हणून आलेलं. संग्रहाचा एक खरा उपयोग हा, अशी अनाथ गाणी त्यात सापडतात. उरलेल्या दोन प्रेमगीतांवर मी इथे थांबत नाही, ती सांगावी लागत नाहीत.

आणि पहिल्या बाजूचं शेवटचं, 'लाइक ए रोलिंग स्टोन'. जून १९६५ मध्ये ध्वनिमुद्रित, सहा मिनिटांच्या वर. तेव्हा रेडिओवर तीन मिनिटांची गाणी चालत, म्हणून रेडिओवाल्यांसाठी ते तबकडीच्या दोन बाजूंना तोडून दिलं गेलं. तरी दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. ड्रमवर एक फटका बसतो आणि दार लाथेने उघडावं तसं सगळं एकदम सुरू होतं. श्रीमंतीत वाढलेली, आता रस्त्यावर आलेली एक मुलगी, आणि तिला 'आता कसं वाटतंय' असं पुन्हा पुन्हा विचारणारा माणूस. सुरुवातीला तो टोमणा वाटतो. चौथ्या वेळेला ऐकताना मला त्यात सुटकेचा सूर लागल्यासारखं वाटतं. गमवायचं काही उरलं नाही की माणूस हलका होतो, तसा.

पण आवाजाचं काय?

हा आक्षेप सगळ्यात जुना आहे आणि तो खोटा नाही. डिलनचा आवाज गोड नाही, खरखरीत आहे, काही वेळा सूर सोडून बोलण्याकडे झुकतो.

पण आपल्याच गावाकडे बघा. उस्ताद अल्लादियाँ खाँ राजर्षी शाहूंच्या दरबारी गवई होते. त्यांच्या गायकीची पेचदार तान ऐकून तयार झालेला कान कोल्हापुरात आहे. त्याच कोल्हापुरात शाहीर पिराजीराव सरनाईकांचा पोवाडा ऐकायला लोक लोटत. खाँसाहेबांचं माप घेऊन कुणी शाहिराला मोजलं नाही. शाहिराकडे आपण काय बघतो? शब्द लांबच्या माणसापर्यंत पोचला का, कुठल्या शब्दावर तो थांबला, कुठे आवाज चढवला, कुठे नुसतंच बोलून टाकलं. हेच डिलनकडे बघा. तो ओळीचा शेवट कधी ओढतो, कधी चावून टाकतो. अर्थ त्या ओढण्या-चावण्यात असतो.

चाल तर उचललेलीच आहे ना?

होय. 'ब्लोइंग इन द विंड'ची चाल 'नो मोअर ऑक्शन ब्लॉक' या गुलामगिरीच्या आठवणीतून आलेल्या जुन्या गाण्यावरून आली, आणि हे डिलननेच मुलाखतीत सांगितलं आहे. माणसांचा लिलाव आता पुन्हा नाही, असं ते मूळ गाणं. त्याच सुरावर डिलनने प्रश्न विचारणारी ओळ ठेवली. ऐकणाऱ्या काळ्या माणसाला ती चाल ओळखीची वाटली असणार आणि प्रश्न कुणाबद्दल आहे हेही.

आपल्या भजनी मंडळाच्या वहीत गाण्याच्या डोक्यावर 'चाल: अमुक' असं लिहिलेलं असतं. त्याला आपण चोरी म्हणत नाही. लोकसंगीत असंच चालतं. अडचण तेव्हा येते जेव्हा अशा गाण्यावर एकाच माणसाचं नाव लागतं आणि पैसा येऊ लागतो. हा मुद्दा मी हलका करणार नाही. ज्यांच्या तोंडून ती चाल आली त्यांची नावंही कुणी लिहून ठेवली नाहीत.

मग गाण्याचा मालक कोण?

मोठमोठ्या गायकांनी आपली गाणी विकल्याच्या बातम्या येतात तेव्हा लोक गोंधळतात. गाणं विकलं म्हणजे काय विकलं? प्रत्येक गाण्याला दोन मालक्या असतात. एक रचनेची, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी ध्वनिमुद्रणाची, म्हणजे त्या दिवशी स्टुडिओत जे वाजलं त्याची. मिसळीच्या कटाची कृती एकाची आणि आज टेबलावर आलेली प्लेट दुसऱ्याची, असं धरा. डिलनने सहाशेहून अधिक रचना २०२० च्या डिसेंबरात युनिव्हर्सल कंपनीला विकल्या, आणि ध्वनिमुद्रणं सोनीला विकल्याचं २०२२ च्या जानेवारीत जाहीर झालं.

संग्रहांवर याचा थेट परिणाम होतो. जेम्स टेलर या गायकाने १९७६ साली आपला 'ग्रेटेस्ट हिट्स' काढला तेव्हा त्याची पहिली गाणी दुसऱ्या कंपनीकडे, बीटल्सच्या ॲपलकडे, अडकलेली होती. रचना त्याची, प्लेट त्यांची. त्याने त्यातली दोन गाणी नव्याने गाऊन घेतली. म्हणून त्या संग्रहात तरुणपणीच्या गाण्यात थोडा मोठा झालेला आवाज ऐकू येतो.

सगळं फोनवर असताना संग्रह कशाला?

भाचीचा हा शेवटचा आक्षेप. फोनमध्ये डिलनची शेकडो गाणी आहेत, यंत्र स्वतःच पुढचं गाणं लावून देतं. बरोबर आहे. पण यंत्र तुम्हाला आधी आवडलेल्यासारखंच पुढचं देतं. १९६७ची तबकडी पहिल्या गाण्यातल्या दंग्यावरून थेट एकट्या गिटारीवर आदळवते, तुम्हाला विचारत नाही. आणि ती संपते. वीस मिनिटांनी उठून बाजू बदलावी लागते, तेवढ्यात माणूस ऐकलेल्याचा विचार करतो.

जाणकार म्हणतील, संग्रह म्हणजे अर्धवट माहिती, अल्बमच ऐका. ऐकाच, पण नंतर. एक नंबरची कुस्ती बघून ज्याला नाद लागतो तोच पुढच्या खेपेला सकाळपासून मैदानात येऊन बसतो.

आणि इंग्रजी कळत नसेल तर?

गेल्या पावसाळ्यात शिवाजी पेठेतले एक काका आमच्याकडे बसले होते. शिवजयंतीला पोवाड्यामागे झील धरण्यात त्यांची चाळीसेक वर्षं गेली. इंग्रजीचा गंध नाही. मी 'लाइक ए रोलिंग स्टोन' लावलं. ते डोळे मिटून ऐकत होते, एक हात गुडघ्यावर.

"ह्यो चिडलाय," ते म्हणाले, "पर वरडत न्हाई. दात खाऊन बोलतोय."

मी मान हलवली. थोड्या वेळाने त्यांनी बोट वर केलं.

"ती पेटीवानी वाजतीया न्हवं मागं, ती जरा मागनं येतीया बघ. झील धरणारा नवा असला की असंच हुतंय. म्होरच्याच्या तोंडाकडं बघत बसायचं, त्यानं सोडलं की आपुन धरायचं."

मी गाणं थांबवलं. ती पेटी म्हणजे ऑर्गन, आणि तो वाजवणारा अल कूपर मुळात गिटारवाला. त्या दिवशी निर्मात्याने त्याला नुसतं बघायला बोलावलं होतं. त्याच्याहून तयार गिटारवाला आलेला पाहून त्याने गिटार बाजूला ठेवली आणि ऑर्गन रिकामा दिसताच जाऊन बसला. बाकीचे कुठला सूर धरतात ते ऐकून मग तो बोटं ठेवायचा, म्हणून सबंध गाण्यात ऑर्गन किंचित मागे आहे. ध्वनिमुद्रण परत वाजवलं तेव्हा कुणीतरी म्हणालं की हा काही ऑर्गनवादक नाही. डिलन म्हणाला, त्याचा आवाज वाढवा.

काकांना हे सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"मग शाहीर शाना हाय," ते म्हणाले. "पोराला गप केलं न्हाई. लाव परत, पयल्यापासनं."

मी सुई उचलून पाचव्या गाण्याच्या सुरुवातीला ठेवली. या खेपेला ऑर्गन आला तसा काकांचा हात गुडघ्यावर पडला, त्याच्या बरोबरीनं, किंचित मागनं.